कॉन्ट्रास्ट सीटीनंतर बाईंना अंधारी आली: ही ॲलर्जी म्हणायची की उपासाचा परिणाम?

प्रश्न: बीपीएमटी_दुसरे_वर्ष, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीच्या दुसऱ्या वर्षाला रेडिओग्राफी शिकते आणि सध्या माझे पोस्टिंग सीटी विभागात आहे. मागील आठवड्यातील एका प्रसंगामुळे काही प्रश्न पडले आहेत. त्यांची उत्तरे पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी मिळतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून येथे मांडत आहे.

गोंदियाकडील साधारण पंचावन्न वर्षांच्या एक बाई पोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीसाठी (कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून शिरेत सोडायचे आयोडीनयुक्त औषध) आल्या होत्या. तारीख देताना त्यांना "उपाशीपोटी या" एवढेच सांगितले गेले होते. त्यांनी आदल्या रात्री आठनंतर काही खाल्ले नव्हते आणि, हे आम्हाला नंतर कळले, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पहाटेच्या गाडीने येऊन नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजला. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास होता. उजव्या कोपराच्या खळग्यात २० गेजची कॅन्युला (शिरेत बसवायची नळी; गेजचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक) लावून ३०० तीव्रतेचे आयोहेक्सॉल हे कॉन्ट्रास्ट ८० मि.लि., सेकंदाला ३ मि.लि. या वेगाने इंजेक्टरमधून दिले. स्कॅन व्यवस्थित झाला. टेबल बाहेर आल्यावर बाई उठून बसल्या आणि मिनिटभरात "डोळ्यापुढं अंधारी येते" म्हणाल्या. घामाने चिंब झाल्या होत्या, नाडी ४८ आणि रक्तदाब ८०/५० होता. अंगावर पित्त उठले नव्हते, श्वास मोकळा होता, चेहरा सुजलेला नव्हता. डॉक्टरांनी त्यांना आडवे करून पाय उंच करायला लावले, सलाईन सुरू केले आणि पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या.

एका सिनिअरने रजिस्टरमध्ये "कॉन्ट्रास्ट ॲलर्जी" अशी नोंद केली, दुसरे म्हणाले, "ऊन लागलं, बाकी काही नाही." मला दोन्ही पटले नाही. याला ॲलर्जी म्हणावे का? "उपाशी" या शब्दात पाणीही बंद असे धरायचे का? बाटलीवरील ३०० आणि ३५० या आकड्यांचा ऑस्मोलॅलिटीशी, म्हणजे द्रावणातील कणांच्या दाटीशी, नेमका संबंध काय (तोंडी परीक्षेत मी येथेच अडखळले)? आणि काही ठिकाणी आधी कातडीत थेंबभर टोचून "टेस्ट डोस" देतात, त्याने खरोखर काही कळते का?

उत्तर १: कन्सोलमागून

मी एकोणीस वर्षे कन्सोलवर काम करतो आहे, त्यामुळे पुस्तकापेक्षा टेबलाजवळचे जास्त सांगेन. तुम्ही नाडीचा आकडा लिहिलात हे फार चांगले केले, कारण या प्रसंगाचा बराचसा निकाल त्या ४८ या आकड्यात आहे. ॲलर्जीसारख्या तीव्र प्रतिक्रियेत रक्तदाब पडतो तेव्हा हृदय बहुधा जोरात धावू लागते आणि नाडी ११०-१२० वर जाते. रक्तदाब पडलेला, नाडी मंद, कातडी गार व घामेजलेली, आणि पित्त, खाज, घशात आवळल्यासारखे वाटणे किंवा श्वासात शिट्टी यांतील काहीच नाही, असे चित्र दिसले की आपण त्याला व्हॅसोव्हेगल प्रतिक्रिया (मज्जातंतूंच्या प्रतिसादाने नाडी व रक्तदाब एकदम उतरणे) म्हणतो. भीती, सुई, वेदना किंवा रिकामे, सुकलेले शरीर यांपैकी कशानेही ती येऊ शकते; कॉन्ट्रास्ट न देता नुसते रक्त काढतानाही लोक अशाच रीतीने कोसळतात. त्यावर पहिला उपाय तुमच्याकडे झाला तोच: आडवे करणे, पाय उंच करणे, शिरेतून सलाईन, आणि नाडी वर येत नसेल तर डॉक्टरांच्या आदेशाने ॲट्रोपिन हे नाडी वाढवणारे औषध.

रजिस्टरमधील ती नोंद मात्र मला खटकते. ती बाई सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनला आली की कोणीतरी ती ओळ वाचेल आणि एक तर कॉन्ट्रास्टच नाकारेल, किंवा गरज नसताना स्टिरॉइडच्या गोळ्या देईल. जे दिसले ते लिहावे: औषधाचे नाव, तीव्रता, बॅच क्रमांक, किती मि.लि., कोणत्या वेगाने, किती वाजता, किती मिनिटांनी त्रास झाला, नाडी, रक्तदाब, अंगावर पित्त होते की नव्हते, काय उपचार केले. निदानाचा शब्द डॉक्टरांनी लिहावा.

आता पाण्याविषयी. "उपाशीपोटी" हा शब्द आपल्याकडे फार घात करतो. जुन्या, जास्त ऑस्मोलॅलिटीच्या कॉन्ट्रास्टने पुष्कळ रुग्णांना उलटी व्हायची आणि ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असायची. उपासाचा नियम त्या काळातून आलेला आहे. आजच्या कमी ऑस्मोलॅलिटीच्या नॉन-आयॉनिक (पाण्यात रेणू न फुटणाऱ्या) औषधांसाठी युरोपीय युरोजेनिटल रेडिओलॉजी संस्थेच्या मार्गदर्शनात उपाशी ठेवण्याची शिफारसच नाही. आपल्याकडील अनेक केंद्रे चार तास जेवण बंद ठेवतात, ते चालवून घेता येईल. पण साधे पाणी बंद करण्याला काहीही आधार नाही. उलट कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतो. मूत्रपिंड चांगले असेल तर त्याचा अर्धायुकाल (निम्मे औषध बाहेर पडायला लागणारा वेळ) साधारण दोन तासांचा असतो, म्हणजे दिवसभरात तो जवळजवळ संपूर्ण निघून जातो. मे महिन्यात भंडारा-गडचिरोलीहून उन्हातून आलेल्या माणसाला सतरा तास कोरडा ठेवून त्याच्याच मूत्रपिंडावर हे काम सोपवणे बरे नव्हे. गावाकडील रुग्ण आपला शब्द अक्षरशः पाळतो. उपास म्हटले की निर्जळी करणारी मंडळी आपल्याकडे थोडी नाहीत, हे तारीख देणाऱ्या खिडकीवरील माणसाने लक्षात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी कोणी शिकवत नाही. "तुम्हाला ॲलर्जी आहे का?" असे विचारले की दहापैकी नऊ जण "नाही" म्हणतात, कारण तो शब्दच त्यांचा नसतो. "मागे कधी सुई घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का? गांधी आल्या होत्या का? दम लागला होता का?" असे विचारा, उत्तर बदलते. "दमा आहे का"ऐवजी "पंप ओढता का, वाफ घ्यावी लागते का" हे विचारा. मधुमेहासाठी "शुगरची गोळी कोणती घेता, चिठ्ठी दाखवा", तरुण स्त्रियांना "पाळी कधी आली होती" आणि "अंगावर पाजता का" हेही विचारावे लागते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असले तरी घाबरायचे कारण नाही: आईला दिलेल्या मात्रेचा एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या आतड्यातून शोषला जातो, म्हणून पाजणे थांबवावे लागत नाही.

उत्तर २: रेडिओलॉजी_शिकवतो

वरील उत्तर व्यवहाराच्या दृष्टीने पुरेसे आहे, म्हणून मी फक्त आकड्यांकडे आणि टेस्ट डोसकडे वळतो.

बाटलीवरील ३०० म्हणजे दर मिलिलिटरमागे ३०० मि.ग्रॅ. आयोडीन. तो औषधाच्या एकूण वजनाचा किंवा ऑस्मोलॅलिटीचा आकडा नव्हे, आणि तोंडी परीक्षेत विद्यार्थी घसरतात ते येथेच. तुमच्या रुग्णाला ८० मि.लि. दिले, म्हणजे २४ ग्रॅम आयोडीन शरीरात गेले. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची असते, हे शेजारी ठेवून पाहा. यातील बहुतेक आयोडीन रेणूला घट्ट बांधलेले असल्याने थायरॉइडच्या हाती लागत नाही. परंतु जो अल्प अंश सुटा असतो, तोदेखील अतिसक्रिय थायरॉइड असलेल्या रुग्णाला पुरेसा त्रासदायक ठरू शकतो, म्हणून त्याची चौकशी करावी लागते.

ऑस्मोलॅलिटी मात्र द्रावणात सुटे कण किती तरंगतात यावर ठरते. बेंझिनच्या एका कड्यावर आयोडीनचे तीन अणू बसवले की कॉन्ट्रास्टचा मूळ सांगाडा तयार होतो. जुने आयॉनिक औषध, उदाहरणार्थ डायाट्रिझोएट, पाण्यात पडले की त्याचे दोन कण होतात: एक आयोडीनवाला आणि दुसरा सोडियम किंवा मेग्लुमिनचा, जो प्रतिमेच्या काहीच कामाचा नसतो. दोन कणांमागे तीन आयोडीन, म्हणजे गुणोत्तर दीड. नॉन-आयॉनिक रेणू, जसे आयोहेक्सॉल, फुटत नाही. एका कणामागे तीन आयोडीन मिळतात आणि गुणोत्तर तीन होते. आयोडिक्सॅनॉलमध्ये दोन कडी जोडलेली असून रेणू तरीही अखंड राहतो, म्हणून एका कणामागे सहा. हे गुणोत्तर जितके मोठे, तितकी त्याच आयोडीनसाठी ऑस्मोलॅलिटी कमी. रक्ताची ऑस्मोलॅलिटी किलोमागे सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. जुन्या औषधांची १५०० च्या पुढे जायची, आयोहेक्सॉल ३०० ची ६७२ आहे, आयोहेक्सॉल ३५० ची ८४४, आणि आयोडिक्सॅनॉल ३२० ची २९०. म्हणजे "लो ऑस्मोलर" हे नाव जुन्यांच्या तुलनेत पडले. रक्ताच्या मानाने आयोहेक्सॉल अजूनही दुपटीहून अधिक आहे. रुग्णाला अंगातून ऊब गेल्यासारखे वाटते, तोंडात धातूची चव येते, लघवी सुटल्याचा भास होतो, तो याच धक्क्याचा भाग असतो. हे आधी सांगितले तर रुग्ण टेबलावर हलत नाही आणि घाबरतही नाही.

नॉन-आयॉनिक औषधाची कल्पना १९६९ मध्ये मांडणारे स्वीडिश रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांचा एक किस्सा मी वर्गात सांगतो. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारट समुद्रात पोहताना त्यांचे डोळे झोंबत, पण बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात झोंबत नसत. धमनीत औषध सोडताना रुग्ण वेदनेने कळवळतो त्याचे कारणही द्रावणातील कणांची दाटी असावी, हा विचार त्यांनी तेथून पुढे नेला.

ऑस्मोलॅलिटी कमी करताना एक किंमत मोजावी लागते, ती चिकटपणाची. मोठा रेणू दाट असतो. आयोहेक्सॉल ३५० ची चिकटता २० अंश सेल्सिअसला साधारण २० एकक असते आणि ३७ अंशांना ती निम्म्यावर येते. एसीच्या थंड खोलीतील बाटली थेट इंजेक्टरला लावू नये आणि वॉर्मरचे दार नीट बंद असावे, याचे कारण हेच. बाटली रेडिएटरजवळ किंवा गरम पाण्यात ठेवण्याचे "जुगाड" मात्र करू नका.

टेस्ट डोसबाबत थोडक्यात आणि ठामपणे सांगतो: त्याचा उपयोग नाही. थेंबभर औषधाने काही झाले नाही म्हणून ८० मि.लि. ने काही होणार नाही असे सिद्ध होत नाही, आणि ज्याला तीव्र प्रतिक्रिया यायची असते त्याला ती थेंबानेही आलेली आहे. खोटा दिलासा हा त्यातील सर्वांत मोठा धोका आहे, कारण "टेस्ट निगेटिव्ह" लिहिले की पुढच्या अर्ध्या तासात रुग्णाकडे कोणी वळून बघत नाही. पूर्वी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या रुग्णाची ॲलर्जीतज्ज्ञ जी त्वचाचाचणी करतात ती वेगळी गोष्ट आहे. ती सीटीच्या दारात उरकायची नसते. तसेच "मासे-झिंगे सोसत नाहीत, म्हणून आयोडीन नको" हा समजही सोडून द्यावा. झिंग्यांची ॲलर्जी त्यांच्यातील ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. महत्त्वाचा प्रश्न एकच: याआधी याच प्रकारच्या कॉन्ट्रास्टने काही झाले होते का?

उत्तर ३: इंजेक्शन_रूमची_सिस्टर

सरांनी रसायन सांगितले, मी शिरेचे सांगते. एका ठिकाणी काम करताना माझ्या हातून जे झाले ते मी अजून विसरलेले नाही. रुग्ण आजीबाई होत्या, मनगटभर काचेच्या बांगड्या, त्या काढायला तयार नव्हत्या. म्हणून घाईत बांगड्यांच्या पुढे, हाताच्या पाठीवर दिसेल त्या बारीक शिरेत २२ गेजची कॅन्युला लावली. सलाईन दोन मि.लि. गेले, मी समाधान मानले. इंजेक्टर सेकंदाला ४ मि.लि. वर लावलेला होता आणि मी बाहेर आले. आजी हाक मारत होत्या, काच जाड, माईक बंद. टेबल बाहेर आले तेव्हा औषध शिरेबाहेर पसरून हाताच्या पाठीवर लिंबाएवढी सूज होती. नशिबाने हात उंच ठेवून आणि थंड शेक देऊन ती दोन दिवसांत उतरली; बोटांची संवेदना, हालचाल आणि कातडीचा रंग आम्ही तासातासाला पाहत होतो, कारण दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

तेव्हापासून माझा रिवाज असा आहे की वेगवान इंजेक्शनसाठी कोपराच्या खळग्यातील शीर, १८ किंवा २० गेज, आणि आधी हात ज्या स्थितीत स्कॅनला राहणार त्याच स्थितीत ठेवून १० मि.लि. सलाईन जोराने ढकलून पाहायचे. ढकलताना दुसऱ्या हाताची बोटे शिरेवर ठेवायची. द्रव आत धावताना एक थरथर लागते, ती लागली नाही आणि त्वचा फुगली तर कॅन्युला बदलायची. नळीतील हवा काढल्याची खात्री दोघांनी करायची. स्कॅननंतर कॅन्युला लगेच काढू नका. रुग्णाला निदान अर्धा तास समोर बसवा, कारण तीव्र प्रतिक्रिया बहुधा याच वेळात येतात आणि तेव्हा शीर शोधत बसायला सवड नसते.

ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचे पहिले औषध, कुठे आहे, हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे. प्रौढांना १:१००० चे अर्धा मि.लि., मांडीच्या बाहेरील बाजूच्या मध्यभागी, स्नायूत. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. आदेश डॉक्टरांचा, पण ॲम्प्यूल शोधण्यात वेळ गेला तर तो दोष आपला.

उत्तर ४: औषधशास्त्र_नागपूर

उत्तर १ शी मी सहमत आहे, पण नाडीच्या नियमात एक फट आहे. रुग्ण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेत असेल, तर खऱ्या ॲनाफिलॅक्सिसमध्येही (जीवघेण्या तीव्र ॲलर्जीतही) नाडी धावत नाही, आणि ॲड्रेनॅलिनचा परिणामही कमी दिसू शकतो. म्हणून नाडी मंद दिसली की लगेच निश्चिंत होऊ नये. त्वचा आणि श्वास पाहावेतच. तुमच्या वर्णनात दोन्ही स्वच्छ होते, त्यामुळे निष्कर्ष बहुधा बरोबरच आहे.

मला दुसरीच शंका येते. त्या बाईंची साखर कोणी तपासली होती का? सतरा तास उपाशी, घाम, अंधारी; त्या मधुमेही असतील आणि सकाळी सवयीने गोळी घेतली असेल, तर हायपोग्लायसेमियाही (रक्तातील साखर फार उतरणे) असाच दिसतो. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी सर्रास दिली जाते. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर क्वचितच उतरते. ग्लिमेपिराइडने उपाशीपोटी हमखास उतरू शकते.

मेटफॉर्मिनची भीती मात्र उगाच ताणलेली आहे. ते मूत्रपिंडाला अपाय करत नाही; मूत्रपिंड निकामी झाले तर ते शरीरात साचते आणि लॅक्टिक ॲसिडोसिसचा (रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा) धोका निर्माण होतो. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३० पेक्षा कमी असेल किंवा मूत्रपिंडाला नुकतीच इजा झाली असेल तरच ते कॉन्ट्रास्टच्या वेळी थांबवून, ४८ तासांनी तपासणी करून पुन्हा सुरू करतात. आणि केवळ रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) पाहून भागत नाही. १.२ हा आकडा पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर साधारण ८६ येतो. सत्तर वर्षांच्या स्त्रीचा असेल तर ५० च्याही खाली जातो. रिपोर्टवर दोघांपुढेही "नॉर्मल" छापलेले असू शकते.

बीपीएमटी_दुसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. आज जुना केसपेपर काढून पाहिला. बाई मधुमेही नाहीत, पण साखर तपासलेली नव्हती हे खरे आहे. डॉक्टरांना विचारून रजिस्टरमधील नोंद त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेतली: "व्हॅसोव्हेगल प्रतिक्रिया, दीर्घ उपास व पाण्याचा अभाव, ॲलर्जीची लक्षणे नाहीत."

तारखेसोबत द्यायची एक चिठ्ठीही मी लिहिली आहे: "चार तास आधीपासून जेवू नये. साधे पाणी प्यावे. रोजच्या सर्व गोळ्या घ्याव्यात. जुने रिपोर्ट आणावेत." आणखी एक विचारायचे राहिले: आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच येतात. त्यांना कॉन्ट्रास्ट चालतो का?

उत्तर १: कन्सोलमागून

जुन्या, जास्त ऑस्मोलॅलिटीच्या औषधात तांबड्या पेशी आकसून विळ्यासारख्या होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे आणि भीती तेथून सुरू झाली. आजच्या कमी ऑस्मोलॅलिटीच्या औषधांसाठी केवळ सिकलसेल आहे म्हणून स्कॅन नाकारत नाहीत. डॉक्टरांना आधी कळवायचे एवढेच. पण अंगातील पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या रुग्णाला कॉन्ट्रास्टवाचूनही क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनांच्या झटक्यात, ढकलू शकते. त्यामुळे तुमच्या चिठ्ठीतील पाण्याची ओळ त्यांच्यासाठी दुप्पट मोलाची आहे. ती ठळक अक्षरांत आणि सर्वांत वर घ्या.

"सर्व गोळ्या घ्याव्यात" ही ओळ मात्र बदला. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली तर साखर उतरू शकते, हे वरच्या उत्तरात सांगितलेले आहेच. त्याऐवजी असे लिहा: "बीपीची गोळी पाण्यासोबत घ्यावी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर तारीख घेतानाच सांगावे, आणि गोळ्यांचे पाकीट सोबत आणावे." मधुमेही रुग्णांना सकाळचा पहिला नंबर द्या. आणि चिठ्ठी हिंदीतही छापा. छिंदवाडा-बालाघाटचे रुग्ण आपल्याकडे रोज असतात.